मटार सोलणारी पाहुणी

गुप्ते काकूंनी असेसमेंटच्या दिवशी शिरा केला, तिथंच सगळं बिघडलं.

केशर घातलेला, वर बदामाचे काप. काकू नारायणपेठी नेसून, कानांत मोत्याच्या कुड्या घालून खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या होत्या. घर लख्ख. काकूंना रोज किती मदत लागते ते बघायला इथल्या नगरपालिकेकडून, म्हणजे कौन्सिलकडून, इव्हॉन नावाच्या बाई आल्या होत्या. त्यांनी विचारलं, आंघोळीला मदत लागते का? काकू म्हणाल्या, छे, छे. उठता-बसताना? मॅनेज करते की. आणि स्वयंपाकाचं काय? यावर काकू नुसत्या हसल्या आणि शिऱ्याची डिश पुढे सरकवली.

पुढच्या आठवड्यात आमच्या ऑफिसला ईमेल आला. डॉक्टर मधुमती गुप्ते, वय ब्याऐंशी, यांचं स्वतःचं स्वतः छान चाललेलं आहे. सकाळची भेट बंद करावी, दुपारच्या जेवणाची तेवढी चालू ठेवावी, असा विचार आहे. काही म्हणणं असल्यास कळवावं.

मी हॅरोत एका ड्रायक्लीनरच्या वरच्या मजल्यावर बसून केअर एजन्सीचा रोटा करते. म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाऊन त्यांना उठवणं, आंघोळ घालणं, औषधं देणं, चार घास भरवणं हे आमच्या केअरर मुली करतात. कोण कधी कुणाकडे जाणार, ते मी ठरवते. पूर्वी मीही घरोघरी जायचे. गुडघे बोलायला लागले तशी खुर्चीत आले आणि यूट्यूब बघून बघून कॉम्प्युटर शिकले. रोटा म्हणजे लग्नातली पंगत असते. हिला कुत्र्याची भीती, त्यांच्याकडे दोन कुत्रे. हिला शाळेतून मुलगा आणायचाय, त्यांना नेमकं तेव्हाच जेवायचंय. एक आजोबा केअररला बघितलं की तिच्या नवऱ्याचा पगार विचारतात, त्यामुळे तिकडे बिनलग्नाचीच मुलगी पाठवावी लागते.

त्यात या वर्षी कौन्सिलनं सगळी घडीच बदलायला काढली होती. प्रत्येकाची मदत नव्यानं तपासायची, एजन्सींना एकेक विभाग वाटून द्यायचा, केअररनं शक्यतो चालत जाता येईल अशाच घरी जायचं. कल्पना वाईट नव्हती. पोरींचा अर्धा दिवस बसस्टॉपवर जायचा, तो वाचणार होता. पण कल्पना कितीही चांगली असली तरी मंगळवारी सकाळी सात वाजता माणूस कुठून आणायचा, हे शेवटी मीच बघते.

ईमेल वाचून होतोय तोवर काकूंच्या मुलाचा, नकुलचा फोन. नकुल इथंच जन्मलेला, बेसिंगस्टोकला आयटीत आहे. माझ्याशी हट्टानं मराठीत बोलतो, आणि मराठीलाही ते सोसावं लागतं.

"सुलक्षणा मावशी, आईचा सकाळचा मदत बंद होणार ना? मग ती एकटी सेफ नाहीये. इकडे एक केअर होममध्ये रूम आहे. छान आहे, गार्डन आहे. ते लोक पुढच्या शुक्रवारपर्यंत होल्ड करणार. मी हो सांगू?"

"काकूंना विचारलंस?"

"ती म्हणाली, तुला बरं वाटेल ते कर." मग म्हणाला, "मावशी, ती असा बोलली की मला भीती वाटते."

मलाही वाटली. काकू नकुलच्या सोयीचं बोलू लागल्या म्हणजे त्यांनी मनातून सामान बांधायला घेतलं होतं. हॅरोतलं ते घर त्यांनी आणि जयंतकाकांनी दोघांच्या हॉस्पिटलच्या नोकऱ्यांवर घेतलं. काका गेले तेही त्याच घरात. आता ते राहणार की सुटणार, ते एका सकाळच्या भेटीवर आलं होतं.

काकूंकडे सकाळी इरावती जाते. तिला मी ऑफिसात बोलावलं.

"इरावती, शिरा कुणी केला?"

ती पायांकडे बघायला लागली. "ताई, काकू म्हणाल्या, पाहुणे येणारेत."

"आणि साडी?"

"नेसवली मीच. निऱ्या तीनदा घातल्या. त्यांना उभं राहवत नव्हतं ना, मग बसवून, परत उठवून... मी शिफ्टच्या आधीच गेले होते. पैसे नका लावू त्याचे."

"पैशांचं कोण बोलतंय? तू काकूंना स्वतःच्या हातांनी इतकं धडधाकट करून दाखवलंस, की आता त्यांना तुझी गरजच उरली नाही!"

इरावतीचे डोळे भरले. मला माझीच लाज वाटली. तिच्या जागी मी असते तर शिऱ्याबरोबर भजीही तळली असती. घरी माणूस येणार म्हटल्यावर पसारा दाखवायचा, हे आपल्याला कुणी शिकवलंय? डॉक्टर येणार म्हणून आधी पलंगपोस बदलणारी माणसं आपण.

ती गेल्यावर मी इव्हॉनबाईंचा रिपोर्ट पुन्हा सावकाश वाचला. प्रामाणिक होता. जे दिसलं ते लिहिलं होतं. शेवटाकडे एक वाक्य होतं: "संपूर्ण वेळ त्या आरामात बसून होत्या. मी निघाले तेव्हाही खुर्चीतूनच हसून हात हलवला."

तिथं मी अडकले. गुप्ते काकू आणि खुर्चीतून हात? काकू गॅसचं मीटर बघायला आलेल्या माणसालाही दारापर्यंत सोडायला जातात. निदान जायच्या. आल्यागेल्याला उंबऱ्यापर्यंत पोचवायचं आणि तो वळणाआड गेल्याशिवाय दार लावायचं नाही, हा त्यांचा नियम. त्या उठल्या नाहीत याचा अर्थ एकच होता.

मी इव्हॉनबाईंना फोन लावला. आमचं सगळं बोलणं इंग्रजीत. माझं इंग्रजी कामापुरतं चोख आहे आणि रागावले की आणखी सुधारतं, पण त्या दिवशी मी रागावलेली नव्हते.

"आमच्यात पाहुण्याला दारापर्यंत सोडायला न उठणं हा आराम नसतो," मी म्हटलं. "त्यांना उठताच आलं नसणार."

पलीकडून प्रश्न आला, "आणि तो शिरा?"

"केअररनं केलेला. ड्यूटीच्या आधी येऊन."

"फार सुंदर होता."

"होता ना. पण तो पुरावा नव्हता."

त्या हसल्या. मग गंभीर झाल्या. "मी गुरुवारी अकराला परत जाऊन येते. पण एक सांगते, तुमच्या सांगण्यावरून मी त्यांची गरज लिहू शकत नाही. ते त्यांनी मला सांगायला हवं."

म्हणजे चेंडू परत काकूंच्या अंगणात, आणि अंगण तर त्यांनी रांगोळी काढून ठेवलेलं.

बुधवारी मी काकूंकडे तालीम घ्यायला गेले. समोर बसून आवाज जाड केला आणि विचारलं, "डॉक्टर गुप्ते, कशा आहात?"

"मजेत."

"काकू!"

"बरं, बरं. ठीक."

"काकू, तुमचा हात थरथरतो. सकाळी पलंगावरून उठताना इरावती नसेल तर तुम्ही पडाल. हे सांगायचं."

"तिला मी काय, आल्या आल्या रडगाणं ऐकवू? पाहुण्यासमोर?"

"ती पाहुणी नाहीये. ती असेसर आहे."

"माझ्या दारातून आत आली की पाहुणीच." काकूंनी थरथरणारा उजवा हात डाव्याखाली दाबून धरला. "तू मला शिकवू नकोस गं. उभ्या जन्मात मी हजारो लोकांना भूल दिली. ऑपरेशनच्या आधी पेशंट खोटं बोलतोय की खरं, मला नुसतं बघून कळायचं."

"मग?"

"मग काय? पेशंट खोटंच बोलतात."

मला हसू आलं, त्यांनाही आलं. मग त्या खिडकीकडे बघत म्हणाल्या, "नकुलनं फोटो पाठवलाय त्या खोलीचा. खिडकीतून पार्किंग दिसतं."

"इथून काय दिसतं?"

"इथूनही पार्किंगच. पण माझ्या ओळखीचं."

निघताना मी इरावतीला फोन करून बजावलं, "उद्या काहीही शिजवायचं नाही. साडी नाही, केशर नाही. रोजच्यासारखं आवरायचं आणि दहाला निघायचं."

"हो ताई. शप्पथ."

गुरुवारी सकाळी आमच्या दुसऱ्या एका केअररनं, ईरानं, फोन करून सांगितलं की तिला ताप आहे. म्हणजे पिनरच्या मुरलीधर आजोबांकडे जायला कुणी नाही. साडेदहापर्यंत आटोपेल या हिशेबानं मी स्वतःच गेले. आजोबांनी अंघोळीनंतर तीन स्वेटर नाकारले, चौथा घातला आणि मग म्हणाले की पहिलाच बरा होता. १८३ नंबरच्या बसमध्ये बसले तेव्हा अकरा वाजायला आले होते. काकूंना सांगून ठेवलं होतं की मी शेजारी बसेन. त्या "मजेत" म्हणाल्या की मी खाकरणार, असं ठरलेलं.

बसमधून इरावतीला फोन केला.

"निघालीस ना वेळेवर? काही केलं नाहीस ना?"

"नाही ताई. काही शिजवलं नाही." थोडी चुळबुळ. "फक्त मटार आणून दिले."

"कसले मटार?"

"शेंगांचे. काकूंनी केंटनच्या दुकानातून आणायला लावले. फ्रोजन नको म्हणाल्या. सोलून ठेवते, मग दुपारच्या मुलीकडून करंज्या करून घेऊ, म्हणाल्या. बाईंना मागाहून पाठवायला."

मी कपाळाला हात लावला. शेजारची बाई सरकून बसली.

काकूंच्या दाराशी पोचले, की-सेफमधून, म्हणजे दाराबाहेरच्या नंबरी डबीतून, किल्ली काढली, आत गेले. बाहेरच्या खोलीत कुणी नव्हतं. स्वयंपाकघरातून बोलणं ऐकू येत होतं, आणि मी पॅसेजमध्येच उभी राहिले.

इव्हॉनबाईंच्या आधीच्या घरी कुणी दार उघडलं नव्हतं, म्हणून त्या बऱ्याच लवकर येऊन की-सेफच्या किल्लीनंच आत शिरल्या होत्या, हे मला मागाहून कळलं. काकू सापडल्या त्या गाउनमध्ये, केस मोकळे, पुढ्यात मटारचा ढीग. साडी नाही, कुड्या नाहीत, पळायला जागा नाही. आणि इव्हॉनबाई समोरच्या खुर्चीत बसून, बाह्या सरकवून, भराभर शेंगा सोलत होत्या.

"ठेवा हो ते," काकू इंग्रजीत म्हणत होत्या, पण त्यात आता जोर नव्हता. एव्हाना बरेचदा म्हणून झालं असणार. "तुम्ही पाहुण्या."

"माझी आजी जमैकाची," इव्हॉनबाई म्हणाल्या. "ख्रिसमसला गुंगो पीज नावाचे दाणे सोलायला बसवायची आम्हाला. समोर शेंगा पडल्यात आणि मी हात बांधून बसलेय असं तिनं बघितलं असतं, तर जेवायला दिलं नसतं. आणि तुम्ही फार दाणे सांडता हो, डॉक्टर."

काकूंना असं कुणी बोलत नाही.

खरंच सांडत होते. काकूंच्या हातात शेंग नाचत होती. अंगठा शिवणीवर ठेवायच्या आधीच घसरत होता. एक शेंग उघडली, तर निम्मे दाणे टेबलावरून टपटप खाली गेले. काकूंनी खाली पाहिलं. उचलायला वाकल्या नाहीत.

"या हातांनी मी दोन दिवसांच्या बाळाची शीर शोधायचे," काकू म्हणाल्या. "सर्जन माझ्यासाठी थांबायचे. आणि आता मटार."

"कधीपासून?"

"दोन वर्षं होतील. सकाळी सगळ्यात वाईट. कंपवाताची गोळी लागू होईपर्यंत अंग लाकडासारखं. इरावती येईपर्यंत मी नुसती छताकडे बघत पडून असते. ती मुलगी आली की आधी माझे पाय चोळते, मग बसवते, मग उभी करते. ती सुट्टीवर होती आणि नवी मुलगी उशिरा आली, त्या दिवशी..." काकूंनी एक शेंग उचलली. "त्या दिवशी अंथरूण बदलावं लागलं. त्या पोरीची काय चूक? मीच तिला सॉरी म्हटलं."

त्या दिवसाचं मला काही माहीत नव्हतं. रोटात त्या भेटीसमोर हिरवी खूण आहे, म्हणजे भेट नीट पार पडली.

"मागच्या वेळी मी आले होते तेव्हा?" इव्हॉनबाईंनी मान वर न करता विचारलं. हात चालूच.

"मागच्या वेळी तुम्ही गेल्यावर मी त्याच खुर्चीत होते. दुपारची मुलगी येईपर्यंत. उठायचा प्रयत्न केला, जमलं नाही. शिरा समोर होता, म्हटलं, निदान उपाशी तर नाही." त्या हसल्या, आणि मग त्यांचा आवाज फिरला. "तुम्हाला दारापर्यंत सोडायला आले नाही, याचं फार वाईट वाटलं."

पॅसेजमध्ये उभ्या उभ्या माझ्या तोंडून हुंदक्यासारखं काहीतरी निघालं.

"सुलक्षणा, तू आहेस ना गं तिथं?" काकू मराठीत कडाडल्या. "चोरासारखी काय उभी? ये, दाणे उचल खालचे."

मी आत गेले आणि टेबलाखाली शिरले. तिथून मला फक्त दोघींचे पाय दिसत होते. इव्हॉनबाईंचे बूट बाहेर दारात काढलेले, पायांत जांभळे मोजे. बाईला कुणी न सांगता कळलं होतं तर.

वरून इव्हॉनबाईंचा आवाज आला. "डॉक्टर, आत्ता तुम्ही जे बोललात, ते मला लिहावं लागेल. तुमची परवानगी असेल तरच. मी गप्पा मारून चोरून काही नेणार नाही."

माझ्या गुडघ्याखाली एक दाणा चिरडला. मी खाकरायला हवं होतं का, हे ठरलेलं नव्हतं. काकू म्हणाल्या असत्या, "छे, ते सहज बोलले," तर सगळं संपलंच होतं. शुक्रवार उद्यावर आलेला.

"तुम्ही काय शब्द वापरणार?" काकूंनी विचारलं.

"सकाळी उठायला मदत लागते."

"तसं नाही चालणार," काकू म्हणाल्या, आणि हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये ज्युनिअर्सना पळवणारा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. "ते मोघम झालं. उद्या दुसरं कुणी वाचेल आणि म्हणेल, काठी द्या. लिहा: पहिला डोस लागू होईपर्यंत एका व्यक्तीच्या आधाराशिवाय पलंगावरून उठता येत नाही. पडण्याचा धोका आहे. शौचाला एकटीनं जाता येत नाही. लिहिलंत?"

"लिहिलं."

"पेशंट स्वतःबद्दल नीट माहिती देत नाही, हेही लिहा. पुढच्या वेळी येणाऱ्याला कळायला हवं."

मी टेबलाखालून बाहेर आले तेव्हा माझ्या ओंजळीत दाणे होते आणि तिघींपैकी कुणीच कुणाकडे बघत नव्हतं. मी ते धुऊन भांड्यात टाकले आणि चहा ठेवला. मग इव्हॉनबाईंनी रीतसर उरलेलं सगळं विचारलं. काकूंनी एकदाच "मॅनेज करते" म्हटलं. मी खाकरले. इव्हॉनबाईंनी मला पाणी दिलं.

निघायची वेळ झाली. काकूंनी सोललेल्या दाण्यांची पिशवी पुढे केली.

"मला भेटवस्तू घेता येत नाही, डॉक्टर."

"भेट कसली? तुम्ही सोललेत, ही तुमची मजुरी आहे."

"मजुरी तर त्याहून घेता येत नाही."

शेवटी इव्हॉनबाईंनी एकच दाणा तोंडात टाकला आणि डोळे मिटून म्हणाल्या, "गोड आहे." काकूंचं तेवढ्यावर समाधान झालं.

मग काकूंनी माझा दंड धरला. "उठव मला."

"काकू, कशाला..."

"उठव म्हणते ना."

एका बाजूनं मी, दुसऱ्या बाजूनं इव्हॉनबाई. उभं राहायला वेळ लागला, पहिलं पाऊल टाकायला त्याहून जास्त. काकूंचे पाय जमिनीला चिकटल्यासारखे झाले होते. पॅसेज केवढासा, पण आम्ही तो असा ओलांडला, की तेवढ्यात एक बस सुटून दुसरी आली असती. इव्हॉनबाईंनी एकदाही घाई केली नाही, घड्याळ बघितलं नाही. दाराशी पोचल्यावर काकूंनी चौकट धरली, सरळ झाल्या, केस मागे सारले.

"परत या," त्या म्हणाल्या.

इव्हॉनबाई कोपऱ्यावर वळल्या तिथून त्यांनी हात हलवला. त्या दिसेनाशा झाल्यावरच काकूंनी मला दार लावू दिलं.

दुपारी चारला इव्हॉनबाईंचा फोन आला. सकाळची भेट राहणार, उलट थोडी वाढणार, आणि शक्यतो ओळखीचीच केअरर पाठवावी असं रिपोर्टात लिहून येणार. फोन ठेवला आणि माझा जीव भांड्यात पडला. खाली ड्रायक्लीनरच्या दुकानात जाऊन मी उगाचच त्या माणसाला थँक्यू म्हटलं. तो म्हणाला, तुमचे कपडे अजून झाले नाहीत.

इरावतीला कळवलं. फोनवर आधी नुसता नाक ओढल्याचा आवाज. मग म्हणाली, "ताई, मग आता करंज्या केल्या तर चालेल?"

नकुलला सांगितलं तेव्हा त्यानं दोनदा विचारलं, "नक्की? फायनल?" मग एक लांब सुस्कारा. "मावशी, मला तो रूम बघून पण रडायला आला होता. आईला नको सांगू."

"नाही सांगत. रूमवाल्यांना नाही म्हणून कळव."

"आत्ताच करतो."

रोटात सकाळच्या चौकोनात इरावतीचं नाव होतंच, ते मी पक्कं केलं. त्या चौकोनापुढे टिपणाला थोडी जागा असते. तिथं लिहिलं: उशीर चालणार नाही. ईराचा ताप उतरला नव्हता, म्हणजे उद्या मुरलीधर आजोबांकडे पुन्हा मीच. चार स्वेटर. चालेल म्हटलं.

ऑफिस बंद करत होते तेवढ्यात काकूंचा फोन.

"करंज्या झाल्या. मिठाचा हात जरा जास्तच पडलाय त्या मुलीचा. आणि काय गं, त्या बाईला तू काय काय सांगितलंस माझ्याबद्दल?"

"मी? मी टेबलाखाली होते, काकू."

"हं. मीही काही विशेष बोलले नाही. मटार सोलत होतो नुसत्या." मग म्हणाल्या, "उद्या सकाळी कोण येणार?"

"इरावती."

"मग ठीक आहे," काकू म्हणाल्या. "तिच्याबरोबर तुझ्या करंज्या पाठवते. डबा परत दे."